रविवारची हवेली

मी खोली बघायला गेले तेव्हा घरमालकांनी मला एकच प्रश्न विचारला, "लग्न ठरलं आहे का?" माझं ठरलेलं लग्न दोनच महिन्यांपूर्वी मोडलं होतं, आणि ते एका परक्या माणसाला अंगणात उभं राहून सांगावं असं मला वाटेना. मी गप्प राहिले. ते मनगटावरच्या घड्याळाकडे बघत होते. थोड्या वेळानं म्हणाले, "बारा सेकंद. झालं, मिळालं उत्तर. केव्हा येता राहाले?" मला राग आला. पण खोली माझ्या नर्सिंग होमपासून चालत पाच मिनिटांवर होती, नळाला दोन्ही वेळ पाणी होतं, आणि धंतोलीत एकट्या नर्सला खोली देणारी घरं तेव्हा फारशी नव्हती. मी दुसऱ्याच दिवशी ट्रंक घेऊन आले.

सगळी गल्ली त्यांना काका म्हणायची, मीही म्हणू लागले. त्यांची नोकरी कोर्टात झाली होती. साक्षीदार पिंजऱ्यात उभा राहून जे बोलेल ते कागदावर उतरवून घ्यायचं, शेवटी त्याला वाचून दाखवायचं आणि खाली सही किंवा अंगठा घ्यायचा, हे त्यांचं काम. निवृत्त होऊन पाच वर्षं झाली तरी ते काम अंगातून गेलं नव्हतं. दूधवाल्याला उद्यापासून पावशेर जास्त घाल एवढं सांगायचं, तरी ते आधी त्याच्याकडून ते वाक्य म्हणवून घेत, मग "बरोबर आहे ना?" विचारत, आणि तो हो म्हणेपर्यंत भांडं आत नेत नसत. दूधवाला सायकलवर एक पाय टेकवून माझ्याकडे बघत राहायचा. मी हसायची नाही, कारण माझीही गत तीच होती. सकाळी ड्यूटीला निघताना काकांच्या तावडीत सापडलं की उशीर ठरलेला.

कोर्टाबद्दल त्यांची तक्रार एकच होती. तिथं फक्त बोललेलं लिहितात. "माणूस पाच मिनिटं गप्प उभा राह्यला, गळ्याची शीर उडून राह्यली, कपाळावरून घाम, आणि मग तो म्हणाला, माहीत नाही. कागदावर काय आलं? माहीत नाही. मंग ते पाच मिनिटं कुठं गेले, बाई?" असं ते मला विचारायचे, जणू मीच कुठे लपवून ठेवले आहेत. एकदा एका खेड्यातल्या बाईची साक्ष चालू होती. दिरानं मारलं का, असा प्रश्न होता. बाई पदराचं टोक पिळत उभी राहिली. वकिलानं पुन्हा विचारलं, जज्जसाहेबांनी घड्याळ पाहिलं, आणि शेवटी ती म्हणाली, नाही मारलं. काकांनी आधी लिहिलं, 'साक्षीदार बराच वेळ काही बोलली नाही', आणि मग तिचं उत्तर लिहिलं. साहेबांनी ती ओळ खोडली. काकांनी पक्क्या प्रतीत ती पुन्हा लिहिली. त्याबद्दल त्यांना लेखी ठपका मिळाला, आणि तो कागद त्यांनी बढतीच्या कागदाइतक्याच काळजीनं फायलीत लावून ठेवला होता. मला त्यांनी तो दोनदा दाखवला.

माझा स्वभाव अगदी उलटा. जखमेवर चिकटलेली पट्टी कशी काढायची यावर नर्सांमध्ये दोन पंथ असतात. एक भिजवत, सोडवत, पेशंटशी गोष्टी करत काढणाऱ्या, आणि एक झटक्यात ओढणाऱ्या. मी ओढणारी. दुखायचं ते दुखतंच, निदान लवकर आटपतं, असं माझं म्हणणं. काका म्हणायचे, "तुम्ही वकील झाल्या असत्या बाई, तर साक्षीदार पळून गेले असते." यावर आमचं कितीतरी वेळा वाजलं. मी आजही त्याच पंथातली आहे, पण आता तेवढ्या जोरात सांगत नाही.

काकांचं लग्न झालेलं नव्हतं. घरात ते आणि त्यांची मोठी बहीण, दोघंच. बहिणीला सगळे आत्या म्हणायचे. त्या रामटेककडच्या एका गावात दिलेल्या. धानाची शेती होती, नवरा लवकर गेला, एक मुलगा. साखरेच्या आजारानं दोन्ही डोळे गेले तेव्हा काकांनी त्यांना इकडे आणलं. दिसत नसलं तरी त्यांचं हातापायांनी सगळं पाठ होतं. स्वयंपाकघरातल्या प्रत्येक डब्याची जागा ठरलेली, आणि मी कधी चहा केला आणि साखरेचा डबा वीतभर सरकवून ठेवला की, "काहून वं पोरी, माझं घर हलवून राहिली?" असं तिथूनच ऐकू यायचं.

मुलाचं दुःख त्यांनी मला पहिल्याच आठवड्यात सांगितलं. तो शेती सोडून ट्रकवर जातो म्हणाला. आधी वाडीच्या गोदामातून माल नेणाऱ्या एका गाडीवर क्लीनर, मग ड्रायव्हर. आत्या चिडल्या. जायचं तर जा, परत तोंड दाखवू नको, म्हणाल्या. तो खरंच गेला, लांबच्या लाइनवर, आसामकडे, आणि तीन वर्षांत ना पत्र ना निरोप. "तोंड दाखवू नको म्हटलं मी," आत्या सांगायच्या. "आता आला तरी मले दिसनार नाही. पण हात तर लावता येईन ना वं त्याच्या तोंडाले." हे त्या रडत सांगत नसत. भाजी निवडता निवडता, काड्या एकीकडे करत सांगायच्या. तो येणार याबद्दल त्यांना शंका नव्हती, फक्त केव्हा ते माहीत नव्हतं.

त्या वर्षी काकांनी टीव्ही घेतला. लाकडी शटरचा, काळापांढरा. गल्लीत तो पहिला नव्हता, पण ज्यांच्याकडे आधीपासून होता ते लोक पायपुसण्याशी थांबवायचे आणि काका सतरंजी टाकायचे, म्हणून गर्दी इकडेच. तेव्हा रविवारी सकाळी एक हिंदी मालिका लागायची. डोंगरातली एक हवेली, तिच्यात एक म्हातारी ठकुराईन, एक नोकर, एक मुनीम, आणि जिन्यावर वाजणारी कोणाची तरी पावलं. ठकुराईनचा मुलगा फार वर्षांपूर्वी घर सोडून गेलेला. ती रोज जिन्याकडे तोंड करून खुर्चीत बसते आणि पावलं वाजतात. भुताची मालिका सकाळी साडेदहाला दाखवायची कल्पना कोणाची होती देव जाणे. ऊन थेट पडद्यावर यायचं, म्हणून खिडक्यांना चादरी बांधाव्या लागत.

आणि ती मालिका काय चालायची! चालायची म्हणणंही धाडसाचं. नोकर कंदील घेऊन जिना चढायला लागला त्या रविवारी मी नाइट ड्यूटी करून आले होते, बघता बघता झोपले. पुढच्या रविवारी तो मधल्या वळणावर होता. त्याच्या पुढच्या रविवारी वरच्या पायरीवर पोचला, दाराच्या कडीला हात लावला, आणि नावं दिसू लागली. गल्लीतल्या बायका मधेच उठून घरी जायच्या, कुकर लावायच्या, दोन शिट्ट्या घेऊन परत यायच्या आणि विचारायच्या, "उघडलं का वं दार?" उघडलेलं नसायचं. पोरं तर पैजा लावायची. पण येणं कोणी सोडलं नाही, आणि त्याचं कारण काका होते.

आत्या टीव्हीच्या अगदी जवळ पाटावर बसायच्या आणि काका त्यांच्या शेजारी. पडद्यावर जे दिसेल ते काका त्यांना सांगायचे. हिंदी आत्यांना समजत होतं, पण त्या मालिकेत बोलायचं कोण? सगळा कारभार बघण्याचा आणि थांबण्याचा. काका सांगायचे, "ती खुर्चीत बसली आहे. डावा हात खुर्चीच्या हातावर, उजवा मांडीवर. जिन्याकडं पाहून राहिली. अजून पाहून राहिली. पडदा हलला. थांबला. तिनं मान वळवली नाही." एक शब्द जास्त नाही, एक कमी नाही. भीती वाटते, वाईट वाटते, असलं ते काही जोडत नसत. जिथे काहीच घडत नसे तिथे "काही नाही" म्हणायचे, आणि थोड्या वेळानं पुन्हा "काही नाही". आम्ही वीस-पंचवीस माणसं अंधाऱ्या खोलीत घाम पुसत ते ऐकत बसायचो. मी बघते आहे तेच हा माणूस सांगतो आहे, आणि तरी त्याच्या तोंडून ऐकल्यावर ते मला जास्त दिसतं, हे मला कबूल करावं लागलं. काका एकदा मला म्हणाले, "पाहा बाई, इथं गप्प बसलेलं दाखवतात. आमच्या कोर्टात हे कोणी ठेवून घेतलं नसतं."

आत्यांनी त्या ठकुराईनशी आपलं नशीब बांधून टाकलं. तिचा पोरगा आला की माझाही येईन, असं त्या उघड म्हणायच्या. गल्लीतल्या बायका हो ला हो करायच्या.

श्रावणात एका दुपारी मी ड्यूटीवरून आले तर काका अंगणातल्या नळाखाली धोतर-सदऱ्यासकट बसले होते आणि डोक्यावर बादली ओतत होते. आतून आत्यांनी विचारलं, "काहून रे भाऊ, आता कायची अंघोळ?" काकांनी दुसरी बादली भरायला लावली. आमच्याकडे माणूस गेल्याचं ऐकलं की आहे त्या कपड्यांनिशी अंघोळ करतात. मी दारातच थांबले.

संध्याकाळी ते माझ्या खोलीशी आले आणि एक आंतर्देशीय पत्र पुढे केलं. आत्यांच्या मुलाबरोबर गाडीवर असणाऱ्या माणसानं हिंदीत लिहिलेलं. कावीळ झाली, तिकडच्याच एका दवाखान्यात नऊ दिवस होता, गेला, आम्ही चौघांनी मिळून सगळं केलं. काकांना माझ्याकडून एवढंच हवं होतं की शेवटी त्याला त्रास झाला असेल का. मी सांगितलं की कावीळ डोक्यात गेली की माणूस गुंगीत जातो, त्याला समजत नाही. ते खरं होतं. मग मी म्हटलं, "काका, आत्यांना आत्ता सांगा. मी थांबते बरोबर. शुगर वाढली तर बघून घेऊ."

ते उंबऱ्यावर बसले. पत्राची घडी पुन्हा पुन्हा करत राहिले. मग म्हणाले, "असं एकदम विचारलं की साक्षीदार कोसळते, बाई. मी पाह्यलं आहे. एकेक पायरीनं न्यावं लागते."

"कशी नेणार?"

"ती मालिका तिकडंच चालली आहे. तो जिन्यावरचा तिचा पोरगाच आहे, अन् तो जिता नाही. सगळ्यायले समजून राहिलं. ताईलेही समजेन, हळूहळू. एकदा त्या बाईचं समजलं, की मंग स्वतःचं ऐकाले ती तयार होईन. तेव्हा मी सांगतो."

मला ते वेड्यासारखं वाटलं आणि मी तसं तोंडावर म्हटलंही. "किती दिवस?" मी विचारलं. "पाच-सहा रविवार," काका म्हणाले. मी नर्स होते, त्या घरातली भाडेकरू होते, तेवीस वर्षांची होते. त्यांची बहीण, त्यांचा भाचा. मी मान डोलावली. त्या मान डोलावण्याचं मला आजही वाईट वाटतं.

त्या आठवड्यात काका रामटेकला जाऊन आले. भाच्याला दुसरं कोणी नव्हतं, म्हणून त्याच्या नावानं जे करायचं ते त्यांनीच केलं आणि डोक्यावरचे केस काढून आले. वर काळी टोपी. आत्यांना कोर्टाच्या कामाला गेलो होतो म्हणून सांगितलं. ज्यांना दिसत होतं त्या सगळ्यांना दिसलं. मग काका गल्लीत घरोघर गेले आणि प्रत्येक दारात उभं राहून तेच वाक्य म्हणाले, "अजून काही बोलू नका. मी सांगणार आहे." आणि समोरचा हो म्हणेपर्यंत हलले नाहीत. सगळे हो म्हणाले. पुढच्या रविवारी पंचवीस माणसं सतरंजीवर बसली होती आणि खोलीत एकट्या आत्यांना ठाऊक नव्हतं. त्या काकांना म्हणत होत्या, "आज तर दार उघडते पाहा."

पाच-सहा रविवार गेले. दार उघडलं, आत रिकामा पलंग निघाला, आणि त्या पलंगावर दोन रविवार गेले. मी काकांकडे बघायची, ते माझ्याकडे बघायचे नाहीत. दसरा झाला, दिवाळी झाली. जिन्यावरचा माणूस आता पाठमोरा दिसू लागला होता, पण तो कोण ते सांगायला ती मालिका तयार नव्हती. दर रविवारी मला वाटायचं, आज उठावं आणि सगळ्यांसमोर सांगून टाकावं. आणि दर रविवारी आत्या म्हणायच्या, "पावलं तरणी वाटते नाही वं पोरी? म्हाताऱ्याचे नाहीत ते," आणि मी "हो" म्हणायची.

मग एका रविवारी काकांनी ते केलं. पडद्यावर तो पाठमोरा माणूस कंदिलाच्या उजेडात जिन्यावर उभा होता आणि त्याची भलीमोठी सावली मागच्या भिंतीवर पडली होती. काका म्हणाले, "जिन्यावर उभा आहे. पाठ इकडं. कंदील पायाशी आहे." थोडं थांबून म्हणाले, "सावली पडत नाही."

माझ्या शेजारच्या बाईनं माझा हात धरला. भुताला सावली नसते हे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. सावली आम्हाला सगळ्यांना दिसत होती. ज्या माणसानं साहेबांनी खोडलेली ओळ पुन्हा लिहिली होती, त्यानं नसलेली ओळ घातली होती. काकांचं तोंड पडद्याकडे होतं आणि कानशिलावरून घाम वाहत होता. आत्या पाटावर जरा मागे सरकल्या. "नीट पाहा रे," म्हणाल्या. काका म्हणाले, "नाही पडत, ताई." त्या दिवशी आत्या जेवल्या नाहीत. मला वाटलं, चला, निदान सुरुवात झाली. पुढच्या तीन-चार रविवारी काका सावली नाही म्हणत गेले आणि आत्या जास्त जास्त गप्प होत गेल्या. काका मला म्हणाले, "आता एक-दोन रविवार." तोवर फाल्गुन लागला होता.

तो रविवार आला. ठकुराईनच्या खुर्चीवरून सुरुवात झाली, नेहमीसारखी. काका म्हणाले, "खुर्चीत बसली आहे." त्यांचं हे वाक्य संपायच्या आत नोकर धावत आला. ज्या नोकराला जिना चढायला तीन रविवार लागले होते तो दोन ढांगांत खाली उतरला. मुनीम पळत सुटला, पोलीस आले, पावलं वाजवणारा मुनीम होता असं निघालं, कोणाला तरी तळघरातून बाहेर काढलं. पुढे आम्हाला समजलं की मालिका वाढवून मिळाली नव्हती आणि त्यांनी उरलेली सगळी गोष्ट त्या एका भागात कोंबली. काका सांगायचा प्रयत्न करत होते. "नोकर आला. मुनीम... थांबा. दोन माणसं. एक..." त्यांचं एक वाक्य होईपर्यंत पडद्यावर चार गोष्टी होऊन जात. ते मागे पडले, मग आणखी मागे, आणि मग गप्प झाले. आणि त्या शांततेत टीव्हीतून एक तरुण आवाज आला, "माँ!" त्यामागून ठकुराईनचं रडणं, हसणं, वाजंत्री. आत्यांनी ते स्वतःच्या कानांनी ऐकलं.

नावं वर सरकू लागली. आत्यांनी दोन्ही हात जोडले. चेहरा असा उजळला होता की मला बघवेना. "पाहा," त्या म्हणाल्या, "आला का नाही तिचा पोरगा? जिता आला." एरवी मालिका संपली की क्षणात चपलांची शोधाशोध सुरू व्हायची. त्या दिवशी कोणी उठलं नाही.

आत्यांचे जोडलेले हात हळूहळू खाली आले. "काहून गा?" त्या म्हणाल्या. "सगळे गप्प काहून?"

एक पोरगं उठू लागलं, त्याच्या आईनं त्याला खाली ओढलं.

"भाऊ, तू तर सावली नाही म्हने त्याची."

काका पडद्याकडेच बघत होते. तिथे आता बातम्या लागल्या होत्या.

"पोरी, तू आहेस का वं इथं?"

"आहे, आत्या."

"तुह्या डोळ्यानं पाह्यलं ना तू? सावली होती का त्याची?"

पट्टी झटक्यात ओढणारी मी. तरी आधी मी काकांकडे पाहिलं. त्यांनी मला नको म्हणून खुणावलं असतं तर मी कदाचित नाही म्हणाले असते. त्यांनी तसं काही केलं नाही.

"होती," मी म्हटलं.

"पह्यलेपासून?"

"पहिल्यापासून."

"मंग यानं नाही काहून म्हटलं," आत्या म्हणाल्या. त्या आम्हाला विचारत नव्हत्या. बोटांनी पाटाची कड चाचपत त्या बसून राहिल्या. कोणीतरी उठून टीव्ही बंद केला. मग त्यांनी तोंड काकांकडे वळवलं. "भाऊ, माझा गेला का?"

"हो, ताई."

"कधी?"

"श्रावणात."

"यायले सगळ्यायले माहीत होतं?"

"हो."

माणसं एकेक करून उठली आणि चपला हातात घेऊन बाहेर गेली. मीही निघाले, पण आत्या म्हणाल्या, "तू थांब." त्यांनी पत्र मागितलं. काकांनी ते कोर्टाच्या फायलीत ठेवलं होतं, काढून आणलं, आणि वाचायला घेतलं तर त्यांना पहिल्या ओळीच्या पुढे जाता येईना. मी त्यांच्या हातून घेतलं. अकरा ओळी होत्या. मी वाचल्या, हिंदीतल्या हिंदीत, मग मराठीत. दोन्ही मिळून पाच मिनिटंही लागली नाहीत.

"एवढंच?" आत्या म्हणाल्या.

"एवढंच आहे, आत्या."

"इतक्याले सात महिने लागले याले," त्या म्हणाल्या. काका खाली मान घालून उभे होते. ते सात महिने माझेही होते.

मी पाणी काढलं. आत्यांनी आहे त्या लुगड्यानिशी अंघोळ केली, मी पाठीवर पाणी घातलं, दुसरं लुगडं नेसवलं. त्या अजून रडल्या नव्हत्या. ओले केस मोकळे सोडून त्या ओसरीवर भिंतीला टेकून बसल्या. काका खालच्या पायरीवर जाऊन बसले होते. ऊन चढलं होतं. चहा करू का विचारलं तर नको म्हणाल्या. बऱ्याच वेळानं त्यांनी मला जवळ बोलावलं.

"दिवाळीत मी चकल्या केल्या होत्या," त्या म्हणाल्या.

मला आठवलं. साखरेचं त्यांना स्वतःला चालत नव्हतं, म्हणून गोड काही न करता त्यांनी एकट्यानं बसून चकल्या केल्या होत्या. हातानं चाचपून, गरम तेलाच्या वासावरून. मी करते म्हटलं तरी सोऱ्या दिला नव्हता. त्याच्या वाटचं आहे, म्हणाल्या होत्या, तो नाही तर गल्लीतले पोरं खातीन, त्याले पोचते. आणि त्या थाळा घेऊन काकांच्या हाताला धरून घरोघर गेल्या होत्या.

"तू खाल्ल्या ना?"

"खाल्ल्या, आत्या."

"कशा झाल्या होत्या?"

"चांगल्या झाल्या होत्या."

"तिखट?"

"हो. तिखट होत्या."

"त्याले तिखट लागे," त्या म्हणाल्या. मग पायऱ्यांच्या दिशेला तोंड करून त्यांनी विचारलं, "अन् तू रे? तू खाल्ल्या?"

"चार," काका म्हणाले.

आत्या तेव्हा रडायला लागल्या.